बापूसाहेबांचा मसुदा

अमरावतीच्या राजापेठेतल्या मनोजच्या झेरॉक्स दुकानात बापूसाहेब वकील आपल्या पाळीची वाट बघत उभे होते. त्यांच्या पुढे एक तरुण बाई होती, गळ्यात कुठल्याशा ट्यूशन क्लासचं ओळखपत्र. मनोजने फाइलमधून एक कागद काढला, मशीनवर टाकला आणि कॉपी तिच्या हातात दिली. ‘घ्या मॅडम, फस्ट क्लास इंग्रजी हाये. फक्त आपलं नाव टाका अन् देऊन टाका.’ बाईने कागद उजेडाकडे धरला आणि तिच्या खांद्यावरून बापूसाहेबांना इथेच टाइप करून घेतलेली स्वतःची ओळ दिसली. नावं पांढऱ्या शाईने पुसलेली होती, पण आपलं पोर जसं गर्दीत पाठमोरंही ओळखू येतं तशी ती ओळ ओळखू आली. ‘पूर्ण विचारांती, कोणाच्याही दबावाखाली न येता, आणि मागे न घेण्याच्या निर्धाराने मी हा राजीनामा देत आहे.’ इंग्रजीत ती आणखीच भारदस्त होती. तिच्यातल्या स्वल्पविरामांसाठी त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली होती. मनोजची नजर त्यांच्याकडे गेली आणि तो खुलला. ‘काकाजी, तुमचा नमुना लय चालून राहिला. या हप्त्यात पाच जनांनी नेला.’ त्या बाईच्या हातातून तो कागद हिसकून घ्यावा आणि सांगावं, बाई, हा देऊ नका, या कागदाने माझा मुलगा बुडाला आहे, असं बापूसाहेबांच्या अगदी ओठांवर आलं. पण सभ्य माणसाला ओठांवरचं गिळायची सवय असते, आणि तोवर बाई स्कूटी सुरू करून निघूनही गेली.

‘तुमाले काय टाइप करू काकाजी?’ मनोजने विचारलं. बापूसाहेबांच्या हातात कोरा कागद होता. दोन दिवस तो कोराच होता. कामगार न्यायालयात अडतीस वर्षं काढलेला माणूस, ज्याच्या मसुद्यात न्यायाधीशालासुद्धा काना-मात्रा बदलता यायची नाही अशी बाररूममध्ये ख्याती, त्याला एक साधं निवेदन लिहिता येत नव्हतं. ‘नंतर येतो,’ ते म्हणाले आणि उन्हात उतरले. मे महिन्यातलं साडेदहाचं ऊन, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. संध्याकाळी साडेसहाला तिकडे कॅनडात सकाळचे नऊ वाजणार होते, आणि नऊला शुभंकरच्या कंपनीत त्याच्या राजीनाम्यावर बैठक होती. त्याआधी बापूसाहेबांच्या सहीचं निवेदन तिथे पोचायला हवं होतं. आठ तास. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मुदती सांभाळल्या, आणि स्वतःच्या मुलाची मुदत मात्र हातातून निसटत होती.

शुभंकर त्यांचा एकुलता एक. ऑन्टारिओतल्या एका लहान गावात मटार-मका डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या कामाच्या परवान्यावर त्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. काम करायचं तर त्याच कंपनीत, शेजारच्या कारखान्यात नुसता झाडू मारला तरी बेकायदा. असं बारा महिने भरले की कायम राहण्यासाठी अर्ज करता येणार होता, आणि सात आठवडे कमी होते. तेवढ्यात तिथल्या सुपरवायझरने त्याला पट्टा चालू असताना आत हात घालून अडकलेला डबा काढायला सांगितलं. शुभंकरने आधी यंत्र बंद करतो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं दुरुस्तीचं काम गेलं आणि मोऱ्या धुण्याचं आलं. तिथल्या कायद्याने धोक्याच्या कामाला नाही म्हणायचा हक्क होता, युनियन होती, दर महिन्याला पगारातून तिची वर्गणीही कापली जायची. हे सगळं शुभंकरने फोनवर सांगितलं होतं. मॉरीन नावाची युनियनची प्रतिनिधी आहे, तिच्याकडे जाऊ का, असंही विचारलं होतं. आणि बापूसाहेब, बनियनवर झोपाळ्यात बसून, चहाची बशी हातात धरून म्हणाले होते, ‘युनियनच्या नादी लागू नको. सगळे युनियनवाले आतून मालकाले मिळालेले असतात. तू राजीनामा दे.’

तिकडून शुभंकर म्हणाला होता, ‘बाबा, पण मला नोकरी सोडायची नाहीये.’ ‘सोडायले कोन सांगते? द्यायले सांगून राहिलो,’ बापूसाहेब म्हणाले होते. मसुद्यात भाषा कितीही कडक असो, घरी ते असेच बोलायचे. द्यायचा आणि सोडायचं नाही. यात काही विसंगत आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. अमरावतीत, अकोल्यात, परतवाड्याच्या लाकडाच्या वखारीत त्यांनी हेच केलं होतं. कामाचा माणूस राजीनामा टाकतो, मालक आधी तोऱ्यात असतो, दोन दिवसांत यंत्र अडतं, मग मालकाचा माणूस येतो, अरे बाबा रागावू नको, घरचाच आहेस तू, चहा घे. राजीनामा म्हणजे रुसून ताटावरून उठणं. कोणीतरी दंडाला धरून परत बसवणार, हे गृहीत धरूनच माणूस उठतो. कॅनडात कोणी दंडाला धरलं नाही. शुभंकरने दुपारी पत्र पाठवलं आणि अकरा मिनिटांत उत्तर आलं. आपला निर्णय आम्ही स्वीकारत आहोत, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा, आजच ओळखपत्र जमा करावे. अकरा मिनिटं. बापूसाहेबांना एका अर्ध्या पानाला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

घरी येऊन ते पंख्याखाली बसले. सिंधूताई आतून पाणी घेऊन आल्या आणि तांब्या ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि उभं राहण्याच्या पद्धतीवरून त्यांचं म्हणणं कळायचं. ‘लिहिलं का?’ ‘लिहितो.’ ‘काय लिहायचं हाये त्यात एवढं? मी सांगतलं, पोरानं ऐकलं, पोराची चूक नाई. तीन वाक्यं हायेत.’ बापूसाहेब चिडले. ‘कायदा असा चालत नाई,’ ते म्हणाले. सिंधूताईंनी तांब्या उचलला. ‘तुमचा कायदा पाहिला आमी,’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य त्यांच्या छातीत जाऊन रुतलं.

तीन वाक्यं खरंच होती. मॉरीनचं म्हणणं शुभंकरने त्यांना दोनदा समजावलं होतं. तिथल्या लवादापुढे नुसता कागद पुरत नाही, माणसाच्या मनात खरंच जायचं होतं का, हेही बघतात. रागाच्या भरात दिलेला राजीनामा कित्येकदा मागे घेता येतो. ‘पण बाबा, ती म्हणाली, या पत्रात राग कुठेच नाहीये. ती म्हणाली, बावीस वर्षांत इतकं चांगलं राजीनाम्याचं पत्र मी पाहिलं नाही.’ एरवी हे ऐकून बापूसाहेबांनी बाररूममध्ये पेढे वाटले असते. त्या दिवशी त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला होता. ‘मग मी सांगितलं की माझ्या वडिलांनी लिहून दिलं. तिने तीनदा विचारलं. तुझं वय किती, विचारलं. चौतीस. बाबा, ती नुसती बघत राहिली.’ आणि मग शुभंकर जे बोलला ते गेले दोन दिवस घरातल्या भिंतींतून येत होतं. ‘मला जायचं नव्हतं हे मी कितीही ओरडून सांगितलं तरी कागदावर उलटं लिहिलंय. आणि कागद तुमचा आहे.’

‘म्हणून आता तुम्ही लिहा, की आपल्याकडे राजीनामा म्हणजे काय असतं,’ शुभंकर शेवटी म्हणाला होता. मॉरीनला तेवढंच हवं होतं. बापूसाहेबांनी बारा वेळा सुरुवात केली होती. पहिल्या वाक्यात ‘विदर्भातील औद्योगिक संबंधांची परंपरा’ यायची आणि दुसऱ्यात ते स्वतःच कुठेतरी निसटून जायचे. वाक्यं सगळी बरोबर, आणि एकाही वाक्यात ‘मी’ नाही. अडतीस वर्षं दुसऱ्याची चूक कशी चूक नव्हती हे लिहिण्यात गेली. स्वतःची चूक कोणत्या विभक्तीत लिहायची हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी चुकलो. दोन शब्द. हात त्या शब्दांपाशी आला की लेखणी थांबायची, आणि लाजेने कानशिलं तापायची. मग त्यांना आपल्या जुन्या अशिलाची, सत्तारची आठवण झाली. सत्तार हा पुरावा होता. जिवंत, अकोल्यात, अकोट फैल या वस्तीत राहणारा. त्याचं निवेदन जोडलं की परंपरा सिद्ध होते आणि वकील कुठे दिसत नाही. बापूसाहेब उठले, टोपी घातली, कोरा कागद घडी करून खिशात ठेवला आणि सिंधूताईंना न सांगता बसस्टँडकडे निघाले.

बस बडनेऱ्याच्या पुढे गेली तशी खिडकीतून झळा आत यायला लागल्या. बापूसाहेबांनी उपरणं तोंडाला गुंडाळलं आणि डोळे मिटले. अब्दुल सत्तार अकोल्याच्या एका तेलगिरणीत फिटर होता. तेव्हा त्याचं वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, बापूसाहेब बत्तिशीचे. घाण्याच्या पट्ट्यावर हात अडकू नये अशी जाळी बसवा म्हणून सत्तार मागे लागला होता आणि सेठने त्याला गोण्या उचलायला लावलं होतं. अगदी तीच गोष्ट, तोच पट्टा, तोच हात. हे आधी आपल्या कसं लक्षात आलं नाही, असं वाटून ते डोळे उघडून बसले. नाही, लक्षात आलं होतं. शुभंकर फोनवर बोलत असताना त्यांना सत्तारच दिसत होता, म्हणूनच तर इतक्या सहज तोंडून निघालं. त्या वेळी त्यांनी सत्तारला राजीनामा लिहून दिला होता आणि त्यात एक खास उस्तादी केली होती. तारीख मोकळी ठेवली होती. माणूस कोणत्या दिवशी जाईल हे सेठला कळू द्यायचं नाही, टांगती तलवार राहू दे डोक्यावर. ऐन हंगाम होता. तिसऱ्या दिवशी सेठची गाडी अकोट फैलाच्या बोळाशी येऊन उभी राहिली. पानठेल्याच्या आडून बापूसाहेबांनी स्वतः पाहिलं होतं, सेठ धोतर सावरत सत्तारच्या दारात उभा आणि सत्तार मान खाली घालून. सत्तार कामावर परत गेला. जाळी बसली. बापूसाहेबांना वकिलीत पहिल्यांदा आपण काहीतरी आहोत असं वाटलं. पुढे चाळीस वर्षं ही गोष्ट त्यांनी बाररूममध्ये सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, शुभंकर लहान असताना जेवताना सांगितली. शुभंकरला ती पाठ होती. ‘सेठ आपल्या पायांनी आला,’ हे शेवटचं वाक्य पोरगा त्यांच्या आधीच म्हणून टाकायचा आणि हसायचा. तो हसरा, एक दात पडलेला चेहरा बापूसाहेबांना इतका स्पष्ट दिसला की मूर्तिजापूर आलं तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, ‘काय झालं जी, तब्येत बरी नाई काय?’ ‘धूळ गेली डोळ्यात,’ ते म्हणाले.

सत्तार घराच्या पडवीत कूलरला गवताच्या ताट्या बसवत होता. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली होती, पण हात फिटरचेच होते. जाळी ठोकायच्या आधी बोटांनी चौकट चाचपायची सवय तशीच होती. बापूसाहेबांना पाहून तो लगबगीने उठला, लुंगीला हात पुसले, आत ओरडला, ‘नईमा, पानी आन बेटा, आपले वकीलसायेब आले अमरावतीचे.’ सुनेने माठाचं पाणी आणि गुळाचा खडा आणून ठेवला. सत्तारने चालू कूलर त्यांच्या तोंडाकडे फिरवला. ओल्या गवताचा वास आला आणि बापूसाहेबांना सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. मग त्यांनी सगळं सांगितलं. पट्टा सांगितला, मोऱ्या सांगितल्या, अकरा मिनिटं सांगितली. सांगताना आपण शुभंकरने राजीनामा ‘दिला’ असं म्हणतो आहोत, ‘आपण द्यायला लावला’ असं म्हणत नाही आहोत, हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं. ‘तर सत्तारभाई, तुमी फक्त एवढं सांगा, का आपल्याकडे राजीनामा देते थे जायासाठी नाई. सेठ आलता ना तुमच्या दारात. तेवढं लिहून देतो, तुमी सही करा.’

सत्तार हातातल्या ताटीतलं गवत दाबून दाबून बसवत राहिला. ‘वकीलसायेब,’ मग तो म्हणाला, ‘सेठ आलता हे खरं हाये. पन सेठनं कागद वापस नाई केला.’

बापूसाहेबांना पहिल्यांदा समजलंच नाही. ‘म्हणजे?’

‘म्हन्जे त्याच्या टेबलाच्या खनात होता. अकरा वर्ष होता. तारीख नव्हती ना त्याच्यावर.’ सत्तारच्या आवाजात तक्रार नव्हती, कूलरची मोटर कशी जळाली हे सांगावं तसा तो सांगत होता. ‘मी काई बोललो का थो खन उघडे. बोलायचा नाई. नुसता खन उघडे, कागद वर ठेवे अन् पेन उघडून बसे. पगारवाढीच्या टायमाले एकदा. जाळी त दोन म्हैन्यातच काढली त्यानं, मी काई बोलू शकलो नाई. अन् हमीदाले, माह्या घरवालीले, नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं त्या टायमाले एकदा. आठ दिवस सुट्टी मांगतली. त्यानं कागद काढला. म्हने, आज कोनती तारीख हाये सत्तार? मी वापस मशीनवर गेलो. हमीदाले तिचा भाऊ घेऊन गेला.’ आत नईमा भांडी लावत होती, तो आवाज थांबला. ‘मी गेलो त तिले मट्टी द्यायच्या टायमाले गेलो.’

बापूसाहेबांनी गुळाचा खडा हातात धरला होता, तो बोटांना चिकटला होता. चाळीस वर्षं. पंगतीत, बाररूममध्ये, पोराच्या ताटाशेजारी. जाळी बसली. सेठ आपल्या पायांनी आला. आणि कागद परत घेतला का, हा एक प्रश्न, जो पहिल्या वर्षाच्या ज्युनियरनेही विचारला असता, तो त्यांनी कधी विचारला नव्हता. विचारायची गरजच वाटली नव्हती. गोष्ट तिथे छान संपत होती. ‘तुमी मले सांगतलं काहून नाई?’ त्यांनी विचारलं. सत्तारने त्यांच्याकडे पाहिलं आणि किंचित हसला. त्या हसण्यात दया होती, आणि ती बापूसाहेबांना सहन होईना. ‘आलतो ना सांगाले. दोनदा आलतो कोर्टात. तुमी चार वकिलांत बसले होते, मले पाहून म्हनले, या सत्तार, हे पाहा, हाच थो सत्तार. अन् सांगू लागले सगळ्यायले. तुमी एवढे खूश होते, म्या म्हनलं जाऊ दे.’

बापूसाहेबांना ती दुपार आठवली. खरंच आठवली. सत्तार दारात उभा होता, हातात टोपी, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला सगळ्यांपुढे उभं केलं होतं, शेतकी प्रदर्शनात बैल उभा करतात तसं. त्याचे ओठ काहीतरी बोलायला हलले होते, आणि मग तो हसला होता. आपण चहा मागवला होता. त्यांना वाटलं, उठावं, चालत सुटावं, मोर्णा नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन उताणं पडावं, उन्हाने व्हायचं ते होऊ दे. पण घड्याळात पावणेपाच झाले होते. आणि परदेशातल्या एका भाड्याच्या खोलीत त्यांचा मुलगा या वेळी जागा असणार, फोन उशाशी ठेवून. त्याचा फोन आलाच. ‘बाबा, झालं का?’ सकाळचा आवाज, घसा बसलेला. ‘कंपनीने माझ्या जागेची जाहिरात टाकलीय. मॉरीन म्हणते, नुसत्या माझ्या शब्दावर आज काही होणार नाही.’ ‘शुभ्या,’ बापूसाहेब म्हणाले. शुभंकर दहावीला गेल्यापासून त्यांनी त्याला या नावाने हाक मारली नव्हती. ‘शुभ्या, सत्तारचा सेठ आला होता ना, थे खरं नाई रे. म्हणजे आला होता. पण...’ ‘बाबा, ते आत्ता नको,’ शुभंकर थकून म्हणाला. ‘तुम्ही फक्त पाठवा. साध्या शब्दांत.’ फोन बंद झाला.

सत्तारने सुनेला हाक मारून पाट मागवला आणि त्यांच्यापुढे ठेवला. बापूसाहेब खाली बसले, गुडघे दुखत होते तरी मांडी घातली, खिशातून कागद काढला. घडीवर घाम लागला होता. ‘माह्यं नाव टाका पायजे त,’ सत्तार म्हणाला, ‘पन जे झालं थे लिहा. खनाचं लिहा. मी सही करतो.’ बापूसाहेबांनी मान हलवली. इंग्रजीतलं पहिलं वाक्य लिहिलं ते पाचवीतल्या पोराने लिहावं तसं होतं. माझ्या मुलाला नोकरी सोडायची नव्हती. दुसरं: त्याने मला तसं सांगितलं होतं. तिसरं: मी त्याला राजीनामा द्यायला सांगितलं आणि पत्रातला प्रत्येक शब्द माझा आहे. लेखणी थांबली. इथेच ती दोन दिवस थांबत होती. कूलरचा एक शिंतोडा कागदावर पडला, शाई जराशी पसरली, आणि त्या ओल्या जागेच्या शेजारी त्यांनी लिहिलं, मी चुकलो. मग पुढचं येत गेलं. अब्दुल सत्तार, खण, अकरा वर्षं, हमीदा. आमच्याकडे राजीनामा देणारा परत बोलावण्याची वाट बघतो, आणि घेणारा कागद ठेवून घेतो. हे मला आज कळलं, माझं वय बहात्तर आहे. यातलं कायद्याच्या उपयोगाचं किती आणि नसलेलं किती, हे त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित यातलं काहीच मॉरीनच्या कामाला येणार नव्हतं. कदाचित कंपनीचा वकील कागद ठेवून घेण्याचंच वाक्य उचलून म्हणणार होता, पाहा, यांच्या देशातही राजीनामा म्हणजे राजीनामाच. हे त्यांना दिसत होतं, अडतीस वर्षांच्या नजरेला ते दिसणारच होतं, आणि तरी त्यांनी वाक्य खोडलं नाही.

सही केली. सत्तारने खाली मराठीत आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून. सहा वाजायला दहा मिनिटं होती. बापूसाहेबांनी फोटो काढायला फोन उचलला, तो नईमाने घेतला आणि कागद पाटावर सरळ केला. सत्तार डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत कागद बघत होता. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण कागदावर काय कुठे असतं हे त्याला अकरा वर्षांनी शिकवलं होतं. ‘थांब बेटा,’ तो सुनेला म्हणाला आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे जागा मोकळी होती.

‘वकीलसायेब,’ तो हळू म्हणाला, ‘तारीख टाका.’